राखणदाराचे दप्तर

शके ९३० मध्ये, म्हणजे इसवी सन १००८ साली, दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा रट्टराज याने अव्वेश्वराच्या देवालयास जे दान दिले, त्याची सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली होती; तो ताम्रपट आमच्या खारेपाटणात सापडला, पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचे वाचन करून ते विद्वानांपुढे ठेवले, आणि सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतच्या दहा पिढ्यांची जी वंशावळ एरवी विस्मृतीच्या गाळात रुतून बसली असती, ती इतिहासास लाभली. ज्या गावाच्या मातीने धातूवरची अक्षरे अशी शतकानुशतके सांभाळली, त्याच गावात, शुक नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले त्या एका श्रावणात, माझ्या बालपणीचे इंद्रजाल कॉमिक्सचे चाळीसएक अंक दोन दिवसांत नामशेष झाले. आईने ते चुलीच्या धगीवर धरून सुकवण्याचा पुष्कळ यत्न केला; परंतु सुकल्यावर हाती आले ते अंक नव्हते, एकमेकांस चिकटलेल्या पानांचे ठोकळे होते. एका पानाचा निळा रंग दुसऱ्या पानावरील पांढऱ्या घोड्याच्या अंगावर उतरला होता, आणि तारेच्या पिनांभोवती गंजाची तांबूस वलये उमटली होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पुढे आयुष्यात याहून मोठी नुकसाने पाहिली. तथापि त्या ठोकळ्यांचा ओलसर, आंबूस वास अजूनही आषाढाच्या पहिल्या झडीबरोबर नाकाशी येतो.

ती हकीकत आज सांगण्याचे प्रयोजन असे की, जुन्या चित्रकथांचे अंक शोधणारे, जपणारे आणि त्यांच्या आठवणींत रमणारे जे साठीच्या आसपासचे लोक आज महाराष्ट्रभर दिसतात, त्यांच्या त्या व्यासंगाकडे शिष्ट समाज एक निरुपद्रवी नाद म्हणून पाहतो, आणि त्यामुळे त्या नादाच्या पोटी दडलेले एक सार्वजनिक कर्तव्य कोणाच्याच लक्षात येत नाही. मराठी इंद्रजाल ही मराठी भाषेची मालमत्ता आहे. तिचा सांभाळ छंदी माणसांच्या पदरी टाकून आपल्या ग्रंथालयांनी मोकळे होणे मला मान्य नाही.

ज्यांना हे अंक ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली मॅन्ड्रेक नावाचा जादूगार आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटम नावाचा मुखवटाधारी वीर वृत्तपत्रांतील चित्रपट्टीतून लोकांसमोर आणला. पुढे जगभर गाजलेला सुपरमॅन जून १९३८ च्या अंकातून लोकांसमोर आला, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालून, चेहरा झाकून दुष्टांचे पारिपत्य करणारा हा फँटम त्याच्याहून दोन वर्षांनी वडील. मात्र सुपरमॅनसारखी दैवी शक्ती त्याच्या अंगी नव्हती. चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून १५३६ साली एका अनोळखी किनाऱ्यास लागलेल्या त्याच्या पूर्वजाने, आपल्या पित्याच्या मारेकऱ्याची कवटी हाती घेऊन अन्यायाशी लढण्याची शपथ वाहिली, आणि ती शपथ बापाकडून मुलाकडे अशी एकवीस पिढ्या चालत आली. लोक मात्र एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे असे समजत राहिले. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीने, मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स ही माला सुरू केली, तिचा पहिला अंक याच वीराच्या कमरपट्ट्याच्या कथेचा होता, आणि आरंभीचे बत्तीस अंक एकट्या त्याच्याच कथांना वाहिलेले होते. नंतर मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्मिलेला, चंबळच्या दरोडेखोराच्या पोटी जन्मूनही दरोडेखोरीशी झुंजणारा, भगव्या कुडत्याचा आपल्या मातीतला बहादूर आला. १९९० साली माला बंद पडली तेव्हा अंकांचा अनुक्रम आठशेच्या पुढे गेलेला होता. या मालेच्या उभारणीच्या काळात तेथे काम करणारे अनंत पै यांनीच पुढे १९६७ मध्ये अमर चित्रकथेची मुहूर्तमेढ रोवली, हे सर्वश्रुत आहे.

हे झाले मुंबईच्या छापखान्याचे वृत्त. खारेपाटणात ते अंक पोहोचत ते निराळ्या वाटेने. गावात वृत्तपत्र येई ते दुपारच्या एस.टी.ने आणि मोजक्या घरी. चित्रकथा येत त्या गणपतीला आणि मे महिन्यात, चाकरमान्यांच्या वळकट्यांतून. गिरगावात राहणारे माझे काका माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या, नाहीतर फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून जुने अंक घेत, आणि सुतळीने बांधलेला तो गठ्ठा ओटीवर सुटला की वाडीतील आठदहा मुलांची डोकी एकाच पानावर वाकलेली असत. एका अंकाचे आयुष्य तेव्हा वाचकांच्या संख्येवर ठरे, आणि ती संख्या मोठी होती. ज्याला वाचता येत नसे त्याला वाचणाऱ्याने ऐकवावयाचे, हा अलिखित करार होता. आज त्या मराठी अंकांच्या धड प्रती दुर्मीळ झाल्या आहेत, त्याचे एक कारण मला येथे दिसते: ते कपाटात ठेवण्यासाठी कोणी घेतलेच नव्हते.

आणि आता मूळ मुद्द्याकडे वळतो. फँटम या शब्दाला मराठीत भूत, पिशाच, छाया, आभास असे अनेक प्रतिशब्द देता आले असते, आणि त्यांपैकी कोणताही शब्द कोशाच्या दृष्टीने सदोष ठरला नसता. परंतु त्या अमेरिकन वीराला मराठीत आणणाऱ्या अज्ञात हाताने त्याचे नाव ठेवले वेताळ. विक्रमाच्या खांद्यावरून प्रश्न विचारणारा वेताळ सर्व महाराष्ट्राला चांदोबाच्या पानांतून आणि त्याआधी वेताळपंचविशीतून परिचित होता हे खरेच. पण सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात वेताळ हा कथेतला प्रेतवासी नाही, तो गावाचा मालक आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा त्याचा ठळक दाखला. जयवंत दळवींमुळे मराठी वाचकास परिचित झालेल्या त्या आरवलीत, देवाची उभी, पुरुषाहून कितीतरी उंच अशी मूर्ती आहे. पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती म्हणून त्या गावात फणसाचे लाकूड कामास लावीत नाहीत. आणि नवस फेडणारे लोक देवाला केळ्यांचे घड व चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, कारण देव रात्री गावाच्या सीमेवर पहारा करीत फिरतो व त्या फिरण्याने वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात पैंगिणीचा बेताळ असाच प्रसिद्ध. ज्या वीराला मूळ इंग्रजीत ‘चालणारे भूत’ असे बिरुद होते, त्याला ज्या देवाचे नाव मिळाले तो देव आमच्याकडे खरोखरच दर रात्री चालत होता.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. अक्षरशत्रू असली तरी चित्रे ती फार बारकाईने पाही. वेताळाचा पहिला अंक घरी आला तेव्हा मी तो तिच्यापुढे धरून, हाच का तुझा वेताळ, असे विचारले. तिने मुखपृष्ठावरील तो गडद, घट्ट पोशाखातला मनुष्य न्याहाळला. मुखवट्यावर ती थांबली नाही, कमरेच्या पिस्तुलांवर थांबली नाही. बोट खाली खाली नेत ते तिने त्याच्या पावलांवर टेकवले.

“ह्येच्या पायात काय आसा रे?”

मी म्हटले, “बूट आसत.”

“वाणो आसत मगे,” ती म्हणाली, “राखणदारच तो. देव रातचो राखणेक भायर पडता, म्हणान वाणो झिजतत.”

राखणदार हा शब्द कोकणाबाहेरच्या वाचकास कदाचित साधा पहारेकरी वाटेल. आमच्याकडे प्रत्येक वाडीला, बांधाला, जुन्या वडाला, कित्येकदा एकेका विहिरीला राखणदार असतो; खांद्यावर घोंगडी आणि हाती काठी घेऊन अपरात्री वाट चुकलेल्यास घरापर्यंत सोबत करणारा देवचार तर प्रत्येकाच्या आजोबांना एकदा तरी भेटलेला असतो. हा राखणदार दिसत नाही, मरत नाही, पिढ्या बदलल्या तरी तोच असतो, शपथ मोडणाऱ्यास शासन करतो आणि दीनाच्या हाकेला ओ देतो. अशा प्रदेशातील मुलाला कवटीच्या गुहेत राहणारा, कधीही न मरणारा, अन्याय करणाऱ्याच्या जबड्यावर आपल्या अंगठीची खूण उमटवणारा वीर समजावून सांगावा लागला नाही. रात्रभर दशावतारी खेळ पाहून पहाटे डोळे चोळीत घरी येणाऱ्या मुलाला पोशाख चढवला की मनुष्याचा देव होतो हे सुद्धा नव्याने शिकवावे लागले नाही. अमेरिकेत जन्मलेली ती कथा एका शब्दाच्या निवडीने आमच्या गावरहाटीत दाखल झाली, आणि असे एखाद्या शब्दाने घडणे ही अनुवादाची सामान्य सिद्धी नव्हे. मराठी गद्याच्या इतिहासात हरि नारायण आपटे किंवा साने गुरुजी यांची नावे आपण आदराने घेतो ते योग्यच आहे; त्याच इतिहासाच्या एका लहानशा कोनाड्यात, फँटमला वेताळ म्हणणाऱ्या त्या अनाम लेखणीलाही जागा असावी असे मी मनापासून म्हणतो.

त्या लेखणीने आणखीही कामे केली. फुग्यांच्या आकाराच्या त्या पांढऱ्या मोकळ्या जागेत जेवढी अक्षरे मावतील तेवढ्यात संवाद बसवावयाचा, इंग्रजीतील लहानशा उद्गाराला मराठीत तितकाच लहान उद्गार शोधावयाचा, आणि हे सर्व मुलाला वाचता वाचता कळेल अशा भाषेत करावयाचे, ही कारागिरी ज्याने कधी एक पानभर तरी करून पाहिली असेल त्यालाच तिची कठीणता कळेल. माझ्यापुरते सांगावयाचे तर शपथ, दंतकथा, चाचे, कवटी, सूड, अभयारण्य हे शब्द मी प्रथम पाठ्यपुस्तकात वाचले नाहीत, वेताळाच्या गुहेत वाचले.

चाचे या शब्दावरून आमच्यात एक वाद नेहमी होई, आणि तो येथे नमूद करण्याजोगा आहे. आमची नदी पुढे वाघोटणच्या खाडीतून विजयदुर्गापाशी समुद्रास मिळते; एके काळी गलबते त्याच खाडीने वर खारेपाटणच्या बंदरापर्यंत येत. खेळात निम्मी मुले वेताळाच्या बाजूची आणि निम्मी चाच्यांच्या बाजूची होत, आणि चाच्यांच्या बाजूची मुले हटकून सांगत की आपण चाचे नसून आंग्र्यांचे खलाशी आहोत. १७५६ साली इंग्रजी आरमाराने विजयदुर्ग घेतला, त्या इंग्रजांच्या कागदपत्रांत आंग्र्यांना चाचेच म्हटले आहे, ही गोष्ट आमच्या गुरुजींनी वर्गात सांगितली तेव्हा आमच्या खेळाचे नियम एका दिवसात बदलले. कोणाला चाचा म्हणावयाचे हे लिहिणाऱ्यावर अवलंबून असते, हे ज्ञान मला एका चित्रकथेच्या निमित्ताने दहाव्या वर्षी झाले. खेळ मात्र तेवढ्यावर थांबत नसे. ओल्या काजूबीच्या सालीचा चीक अंगाला लागला की कातडी पोळते आणि डाग कित्येक आठवडे जात नाही, हे कोकणातले प्रत्येक मूल जाणते. आम्ही त्या चिकाने मनगटावर कवटी रेखाटून घेत असू. वेदना खरी असे, आणि खूणही.

हे सर्व लिहीत असताना या कथांतील एका मोठ्या दोषाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक गोरा पुरुष, पिढ्यान्‌पिढ्या, काळ्या वर्णाच्या अरण्यवासी लोकांच्या मध्ये कवटीच्या सिंहासनावर बसून न्यायनिवाडा करतो, आणि ते लोक त्याला देव मानून त्याची चाकरी करतात, ही कल्पना साम्राज्यशाहीच्या काळात जन्मली आणि तिच्या अंगावर त्या काळाचा वास आहे. त्याचे निष्ठावंत बुटके लोक ज्या नावाने ओळखले जातात ते ‘बांदार’ हे नाव आपल्या कानांना वानराची आठवण करून देते, हा काही गौरव नव्हे. इंद्रजालच्या संपादकांनाही या कथांची अडचण भासली असावी. मूळ कथांतील बेंगालाचे त्यांनी डेंकाली केले, सिंग नावाच्या चाच्यांचे नाव बदलले, भारतीय वाचकाचा अवमान होईल अशा खुणा शक्य तेथे पुसल्या. माझे मत असे की, हा दोष हे अंक टाकून देण्याचे कारण होत नाही, उलट ते जपण्याचे ते एक सबळ कारण आहे. स्वतंत्र भारतातील संपादकाने परदेशी कथेतील नेमके काय बदलले, कोणते नाव खटकले, कोणते खटकले नाही, हे ज्याला अभ्यासावयाचे असेल त्याला मूळ इंग्रजी पट्टी आणि मराठी अंक शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतील. इंग्रजी पट्ट्या जगात कोठेही पुनर्मुद्रित मिळतात. मराठी अंक नाहीत.

आता त्या संग्राहकांविषयी. मुंबई-पुण्याकडील अशा मंडळींना मी गेल्या काही वर्षांत भेटलो आहे, त्यांच्या घरी बसलो आहे, त्यांची बोलणी ऐकली आहेत. मुखपृष्ठ सुटे आहे का, पिना गंजल्या आहेत का, मागचे चित्रपान शाबूत आहे का, मधले पान कोणी कापून नेले आहे का, कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का आहे का, ही त्यांची प्रश्नावली. बी. गोविंद यांनी रंगवलेले मुखपृष्ठ दुरूनच ओळखणारे डोळे त्यांच्याकडे आहेत. कोणी निवृत्त कारकून आहे, कोणी औषधविक्रेता, कोणी शिक्षक. एकेक अनुक्रमांक मिळवण्यासाठी त्यांनी रद्दीची दुकाने पालथी घातली, अप्पा बळवंत चौकापासून बेळगावपर्यंत फेऱ्या मारल्या, आणि मिळालेल्या अंकाची नोंद वहीत अशा नेटकेपणाने ठेवली की एखाद्या जुन्या संस्थानच्या दप्तरदारास त्यांचा अभिमान वाटावा. वेताळाच्या गुहेत त्याच्या एकवीस पिढ्यांनी लिहिलेल्या बखरींची रांग असते. प्रत्येक वेताळ आपला वृत्तांत स्वतः लिहितो आणि मागच्यांचे वाचतो. या मंडळींच्या फळ्यांसमोर उभे राहिले की त्या रांगेचे स्मरण होते. संस्थांनी जे केले नाही ते या माणसांनी स्वतःच्या पगारातून केले. त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून पुढचा शब्द लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पण एकट्या संग्राहकाच्या घरात ठेवलेली वस्तू त्याच्या आयुष्याइतकीच सुरक्षित असते. तो गेला की मुले परदेशी, घर विकावयाचे, आणि चाळीस वर्षांची ती मिळकत पुन्हा रद्दीवाल्याच्या तराजूत. दुसरे भय पैशाचे आहे. सुपरमॅनची पहिली कथा ज्यात छापली गेली तो अंक १९३८ साली दहा सेंटला मिळे. त्याची एक उत्तम प्रत २०२४ साली अमेरिकेत साठ लाख डॉलरांना विकली गेली. अशी प्रत तेथे तपासून, तिला गुण देऊन, पारदर्शक कवचात कायमची बंद करतात. त्यानंतर ती कोणी उघडीत नाही, कारण उघडली की किंमत उतरते. आपल्याकडे इतका पैसा आलेला नसला तरी त्या वाटेची चाहूल लागली आहे. इंद्रजालचा जुना अंक आता वाचनासाठी मागणाऱ्यापेक्षा गुंतवणूक म्हणून मागणारा अधिक मोल देतो. न उघडता येणारे पुस्तक मला पुस्तक वाटत नाही. ज्या अंकावर आठ मुलांची डोकी एकत्र वाकली, त्याचे ते हक्कदार वाचक आहेत आणि त्यांच्यामागून येणारी मुलेही आहेत.

म्हणून ग्रंथालयांकडे यावे लागते. या बाबतीत कोकणास तोंड लपवण्याचे कारण नाही: रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, आणि सावंतवाडी व वेंगुर्ले येथील जुन्या वाचनालयांनी पिढ्यांना वाचावयास शिकवले. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना शासकीय अनुदानाची व्यवस्था झाली, आणि गावोगावी वाचनालये उभी राहिली. परंतु चित्रकथेस तेथे ग्रंथाचा दर्जा कधी मिळाला नाही. ती मुलांच्या कोपऱ्यात आली, फाटली, आणि निर्लेखनाच्या यादीत जाऊन निकालात निघाली. पुस्तकप्रदान कायदा १९५४ चा आहे, आणि त्यान्वये प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय अशा चार ठिकाणी जावयाची आहे. माझी पहिली मागणी साधी आहे: या चार ठिकाणी मराठी चित्रकथांपैकी काय आहे याची फेरिस्त शासनाने करून ती लोकांस पाहावयास ठेवावी. भाषा संचालनालय, साहित्य संस्कृती मंडळ, मराठी विद्यापीठ अशा संस्था ज्या राज्यात आहेत त्या राज्यास हे काम जड नाही.

दुसरी गोष्ट प्रतींची. स्वामित्वहक्काचा प्रश्न येथे उपस्थित होतो, आणि तो रास्त आहे; वेताळाचे हक्क आजही परदेशी संस्थेकडे आहेत, आणि दुसऱ्याची मालमत्ता प्रेमापोटी वाटून टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही. तथापि २०१२ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याजवळच्या छापील प्रतीची संगणकीय नक्कल जतनासाठी करून ठेवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे कायदा ग्रंथालयाच्या बाजूचा आहे. पण आधी ग्रंथालयाच्या फडताळात ती छापील प्रत असावी लागते. बालभारतीने १९७१ पासूनचे आपले ‘किशोर’ मासिकाचे अंक संगणकावर सर्वांस खुले केले, त्यामुळे आज खारेपाटणातला मुलगाही त्याच्या आजोबांनी वाचलेला अंक पाहू शकतो. तेथे हक्क संस्थेचे स्वतःचे होते, म्हणून काम सुलभ झाले. येथे वाट अधिक लांब आहे, एवढाच भेद. परवानगी मागावी, वाटाघाटी कराव्यात, आणि तोवर निदान जतन सुरू करावे.

आणि जतन म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसास सांगावे लागू नये. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल, कपाटांना बुरशी, आणि जमिनीतून येणारी वाळवी. चित्रकथांचा कागद वृत्तपत्री जातीचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यातील आम्ल पोटात घेऊनच जन्मलेला. तो उन्हात पिवळा पडतो, ओलीत कुजतो आणि दुमडीवर तुटतो. अशा हवामानात आमच्या पूर्वजांनी पोथ्या कशा राखल्या? लाल कापडाच्या बासनात घट्ट बांधून, मधे वेखंडाचे तुकडे ठेवून, श्रावणानंतरच्या पहिल्या कोरड्या उन्हात वारा देऊन. पोथी लिहून पुरी झाली की लेखनिक अखेरीस वाचणाऱ्याला विनवीत असे, की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला सांभाळ आणि अडाण्याच्या हाती देऊ नकोस. ज्याने तो मजकूर इतक्या निगुतीने नकलून काढला त्याची ती कळकळ मला मराठी संस्कृतीतील एक अत्यंत मोलाची गोष्ट वाटते. गंजणाऱ्या पिना काढून सुती दोऱ्याने शिवणे, आम्लरहित कागदात अंक ठेवणे, आणि ते तळमजल्यावर न ठेवणे, एवढे तीन नियम पाळले तरी माझ्या चाळीस अंकांसारखी गत पुढच्या चाळीसांची होणार नाही. शुक नदी आपला मार्ग बदलणार नाही. अंक माडीवर ठेवता येतात.

सिंधुदुर्गातील वाचनालयांनी प्रत्येक मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांना एक आवाहन करावे, असेही मला सुचवावेसे वाटते. माळ्यावरच्या पेट्यांत, गोदरेजच्या कपाटामागे, जुन्या शालेय वह्यांच्या गठ्ठ्यात अजूनही अंक असतील. फाटका असला तरी चालेल, मुखपृष्ठ नसले तरी चालेल. दोन अर्ध्या प्रतींचा एक पूर्ण अंक होतो, हे कोणत्याही संग्राहकास विचारावे.

गेल्या मे महिन्यात मी स्वतः असे बारा अंक जिल्ह्यातील एका वाचनालयात नेऊन दिले. मुंबईच्या चुलतभावाकडून सात, एका शाळासोबत्याकडून तीन, आणि दोन मी पदपथावर विकत घेतलेले. ग्रंथपालबाई तरुण होत्या. त्यांनी अंक एकेक करून उघडून पाहिले, आणि मग दाखल-नोंदवही पुढे ओढून रकाने भरावयास घेतले. दाखल क्रमांक, दिनांक, नाव, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. लेखक या रकान्यापाशी त्यांनी मला विचारले. मी ली फॉक सांगितले, त्यांनी लिहिले.

“आणि मराठीत कुणी केलं, काका?”

आम्ही दोघांनी बाराही अंकांची आतली पाने, मुखपृष्ठाची मागची बाजू, शेवटच्या पानाच्या तळाचा बारीक मजकूर, सर्व पाहिले. चित्रकाराचे नाव होते, मुद्रकाचे होते. मराठी करणाऱ्याचे नव्हते. अशा ठिकाणी नोंदवहीत आडवी रेघ मारण्याची वहिवाट आहे, आणि मला वाटले त्याही तसेच करतील. परंतु त्यांनी लेखणी उचलून धरली.

“रेघ मारत नाही,” त्या म्हणाल्या. “जागा मोकळी ठेवते. नाव कळलं की कळवा.”